कोपरा फाडलेलं कार्ड

माझा स्वभाव संशयी आहे. हे मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं दुसऱ्या कुणी सांगायला नको. वाण्यानं साखर तोलली की मी पारडी अदलाबदल करून परत तोलायला लावायचो. कुणी फार गोड बोललं की खिसा चाचपायचो. आत्या म्हणायची, "ह्याला उद्या देवानं दर्शन दिलं, तर ह्यो आधी पाय उलटे हायेत का ते बघंल."

नोकरीही नेमकी तशीच मिळाली. पिंपरीच्या माळावर तेव्हा औषधांचा नवा कारखाना उभा राहिला होता. तिथं टाइम ऑफिसात मी कारकून म्हणून चिकटलो. कोण किती वाजता आला, कोण दुसऱ्याचं कार्ड मारून गेला, कुणाचा ताप खरा आणि कुणाचा कांदा काढणीचा, हे बघणं माझं काम. एका कामगाराची आजी एकाच वर्षात दोनदा वारली. रजेचे दोन्ही अर्ज मी शेजारी शेजारी ठेवले आणि त्याला बोलावलं. तो म्हणाला, एक आईकडची, एक वडलांकडची. मी मान डोलावली आणि रविवारी सायकल काढून थेट त्याच्या गावाला गेलो. आज्या खरंच दोन होत्या. लेकाच्या कारखान्यातला साहेब आला म्हणून त्याच्या आईनं मला चहा पाजला, वर शेंगदाणे आणि गूळ बांधून दिला. तो खात खात मी परत निघालो, आणि तरी दोन मैल मला वाटत राहिलं की सगळं गाव त्याला सामील असणार.

अशा माणसाला आत्यानं एका मेलेल्या माणसाचा शोध घ्यायला सांगितलं.

आत्या म्हणजे माझ्या वडलांची धाकटी बहीण. माझे आईवडील मी कळता होण्याआधीच गेले. मला वाढवलं ते आत्यानं, चाकणजवळच्या आमच्या गावात, थोरल्या चुलत्यांच्या घरी. चुलत्यांना सगळे आबा म्हणत. नोकरी लागल्यावर मी चिंचवडला नदीकडच्या आळीत एक खोली घेतली आणि आत्याला तिकडं घेऊन आलो. तिचं कपाळ मोकळं, हात मोकळे. उजव्या मनगटाच्या वर भाजल्याचा एक लांबट डाग होता. विचारलं की सांगायची, भाकरी करताना चुलीवर भाजलं. जगावर संशय घेणारा मी, पण त्या डागावर संशय घ्यायचं मला कधी सुचलं नाही.

आतोबांबद्दल, म्हणजे आत्याच्या नवऱ्याबद्दल, घरात फारसं बोललं जात नसे. मला ठाऊक होतं ते एवढंच. ते अनाथ होते, म्हणून त्यांना घरजावई करून घेतलं होतं. शेतीत त्यांचं मन रमेना, म्हणून ते कराचीला बंदरावर कामाला गेले. दोन वर्षं आत्यालाही तिकडं घेऊन गेले. मग आत्या बाळंतपणाला माहेरी आली, मूल जगलं नाही, आणि ती परत जायच्या आतच आतोबांच्या मरणाचं कार्ड आलं.

आमच्याकडं मरणाची बातमी कळवणाऱ्या पोस्टकार्डाचा एक कोपरा फाडलेला असतो. तो फाटका कोपरा दिसला की न वाचताच कळतं. तसलं कार्ड घरात घेत नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून वाचायचं, तिथंच फाडून टाकायचं आणि अंघोळ करायची. आतोबांचं कार्डही आबांनी असंच दारात वाचलं आणि फाडलं. मग बाया जमल्या, आत्याच्या बांगड्या फुटल्या, कुंकू पुसलं गेलं. ही बावीस वर्षांपूर्वीची गोष्ट. मी तेव्हा तीन वर्षांचा होतो. कार्डावर तिथी होती की नव्हती हे पुढं आबांनाही आठवेना, म्हणून आतोबांचं श्राद्ध आम्ही दर साली सर्वपित्रीला उरकायचो.

त्या वर्षी पावसाळ्यानंतर आत्याच्या पोटात गाठ निघाली. पुण्याच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितलं ते तिनं दाराआडून ऐकलं. येताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत बसली. दुसऱ्या दिवशी मी डबा घेऊन निघालो तेव्हा तिनं मला थांबवलं.

"तू लोकांच्या रजा तपासतूस नव्हं? मंग माझं एक काम कर. तुझ्या आतोबांचं मरण कुठं लिवलेलं हाय का, ते शोध. कॅम्पात कराचीची माणसं आल्यात म्हणं. त्यास्नी इचार."

मी म्हणालो, कार्ड आलं होतं की, आता शोधायचं काय? ती म्हणाली, कार्ड आलं होतं, नोंद आली नव्हती. मरायच्या आधी एकदा तिथीला त्यांचं पान ठेवायचंय. एवढं बोलून ती भांडी घासायला बसली.

मला ते पटलं. मरणाऱ्या बाईची इच्छा म्हटल्यावर न पटायला काय झालं? पण शोध कुठून सुरू करायचा हे तिनं सांगायची गरज नव्हती. फाळणीनंतर कराचीहून येऊन पिंपरीच्या कॅम्पात राहिलेल्या निर्वासितांचा मला भरवसा नव्हता. उलट गावच्या चावडीतली जन्ममृत्यूची जुनी वही मला पक्की वाटत होती. बाहेरगावी मेलेल्याची नोंद गावात करायची नसते, हे खरं. पण आमचे जुने पाटील असे होते की गावात कुणी शिंकलं तरी वहीत लिहून ठेवायचे. कार्ड आलेल्या दिवशी त्यांनी आतोबांना नक्की वहीत घेतलं असणार, असा माझा अंदाज होता.

मी रजा टाकली, पॅसेंजरनं तळेगावला गेलो, तिथून एसटीनं चाकण आणि पुढं पायी गाव. तलाठी माझ्याकडं बघून कोरडं हसला. म्हणाला, मेलेला माणूस शोधायला येणारा बहुतेक वेळा जमीन शोधत असतो. पिंपरीकडं कारखाने झाल्यापासून इकडच्याही लोकांना आजोबा-पणजोबांची फार आठवण यायला लागलीय. मी म्हणालो, मला गुंठाभरही नको. ते ऐकून त्याचा संशय जास्तच वाढला. तो खुर्ची ओढून माझ्या शेजारी येऊन बसला आणि मी कुठल्या पानावर बोट ठेवतो ते बघत राहिला. माझ्या वाटेला माझ्यासारखाच माणूस आला होता.

वहीला कसर लागली होती. ताप, पटकी, देवी, ताप, विंचू चावून, ताप. एका ओळीत माझी आई होती, "बाळंतरोग" म्हणून. माझ्यामागनं झालेलं मूल आणि ती, दोघं एका आठवड्यात गेल्याचं मी ऐकून होतो, पण असं लिहिलेलं कधी वाचलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं. वाईट वाटल्याचं तलाठ्याला दिसू नये म्हणून मी चटकन पान उलटलं.

चार पानं पुढं आतोबा सापडले. नाव, वय, "मुक्काम कराची, ताप, पत्रावरून". माझा अंदाज खरा ठरला होता. पण त्या सगळ्या ओळीवरून तांबड्या शाईची आडवी रेघ मारलेली होती, आणि बाजूच्या मोकळ्या जागेत पाटलांच्या अक्षरात लिहिलं होतं: "खबर खोटी. आठ दिवसांनी दुसरे पत्र आले. इसम हयात."

मी नखानं शाई खरवडून बघितली. रेघ जुनीच होती. तलाठ्यानं माझा हात धरून बाजूला केला.

परतीच्या वाटेवर मी सगळा हिशोब मांडला. दुसरं पत्र गावात आलं होतं. म्हणजे ते आमच्या घरी आलं होतं. घराचे कर्ते आबा. पत्र दाबलं कुणी, तर आबांनी. कशासाठी? आत्या पहाटे उठून गुरांचं करायची, वीस माणसांच्या भाकऱ्या थापायची, काढणीला शेतात जायची, वर मला सांभाळायची. तिला कराचीला जाऊ दिलं असतं तर हे सगळं करायला कोण होतं? पोटाला भाकरी घातली की झालं, अशी गडीण आबांना कुठं मिळाली असती? माझं डोकं नुसतं फणफणलं. आबांचं घर चावडीपासून हाकेच्या अंतरावर, पण मी तिकडं फिरकलो नाही. ज्या घरानं मला पोसलं त्याच घराचे वासे मी मोजत होतो, आणि मोजण्यात मला काही चूक वाटत नव्हती.

आठ दिवस मी आत्याला काही बोललो नाही. रविवारी आबा बहिणीला बघायला आले. खांद्यावर बाजरीची पिशवी, हातात कांद्याची जुडी. येताना कुठल्याशा वैद्याचा काढाही आणला होता. आत्या भिंतीला टेकून बसली होती. मी चहा केला, आबांच्या हातात कप दिला आणि त्यांनी पहिला घोट घेतल्यावर म्हणालो, "आबा, आतोबा त्या वेळी मेले नव्हते. चावडीतल्या वहीत लिहिलंय. आणि तुम्हाला ते ठाऊक होतं."

आबांनी कप खाली ठेवला. नाही म्हणतील, खेकसतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी नुसतं "व्हय" म्हटलं.

त्या "व्हय"नं माझा तोल गेला. बावीस वर्षं सख्ख्या बहिणीला भाकऱ्या बडवायला विधवा करून ठेवलंत, असं मी त्यांना तोंडावर म्हणालो. आणखीही पुष्कळ बोललो. ते मी इथं लिहीत नाही, कारण त्यातला एक शब्दही मला आता आठवायला नको वाटतो. आबा मान खाली घालून ऐकत राहिले. मला वाटलं, आता आत्या ऊर बडवून घेईल आणि भावाला शिव्या देईल. पण ती माझ्याकडं बघतही नव्हती.

"दादा," ती म्हणाली, "तुला कवापास्नं ठावं?"

"त्याच दिशी," आबा म्हणाले. "कार्ड उघडं असतंय. टपालवाल्यानं चावडीवर पाटलाला आन मला वाचून दावलं. मंग तो घराकडं गेला आन तुझ्या हातात दिऊन आला. मी मागनं आलो. म्हनलं, आता सांगंल. तू शेणी थापत हुतीस. संध्याकाळपातुर वाट बघितली. तू काय सांगितलं न्हाईस, मंग मीबी इचारलं न्हाई."

मला काही कळेना. तेव्हा आत्यानं मला समोर बसवलं आणि जे झालं ते सगळं सांगितलं.

कराचीत आतोबांच्या डोक्यावर कावळा बसला होता. डोक्यावर कावळा बसला की त्या माणसाचं मरण जवळ आलं, असं आमच्याकडं मानतात. ते टाळायचं तर जवळच्या माणसांना त्याच्या मरणाची खोटी बातमी कळवायची. माणसं रडली, की मरण तेवढ्यावर समाधान मानून परत जातं. मग खरं काय ते लगेच कळवून टाकायचं. आतोबांच्या खोलीत राहणाऱ्या गड्यानं पहिलं कार्ड टाकलं आणि दोन दिवसांनी दुसरं. आमच्या गावात टपाल यायचं आठवड्यातून एकदा, चाकणच्या बाजारादिवशी. त्यामुळं आत्या आठ दिवस विधवा झाली. दुसऱ्या कार्डात लिहिलं होतं, कावळा शिवला म्हणून खबर दिली, जिवाला बरं आहे, दिवाळी झाली की तिला न्यायला येतो.

भावाच्या पाटीवर आत्या अक्षरं शिकली होती. तिनं ते वाचलं आणि चुलीत घातलं.

"माझ्या हातानं घातलं," ती म्हणाली, आणि तिनं मनगट माझ्यापुढं धरलं. "ह्यो डाग चुलीचा न्हाई. तापल्या चिमट्याचा हाय. पोटातलं लेकरू बी त्याच्याच मारानं गेलं. आठ दिस मी कपाळ पांढरं करून बसले आन पैल्यांदा रातीची झोपले. मंग ते कार्ड आलं."

ती पाणी प्यायली. पुढं म्हणाली की भीती काही गेली नाही. दिवाळी जवळ आली की ती वेशीकडं डोळे लावून बसायची. कुणी परका माणूस पिशवी घेऊन येताना दिसला की गोठ्यात जाऊन लपायची. अशा किती दिवाळ्या गेल्या ते तिनं मोजलं नव्हतं.

"तो येणार नव्हताच," आबा हळूच म्हणाले.

आत्यानं त्यांच्याकडं बघितलं.

"त्याच आठवड्यात मी कराचीला कार्ड धाडलं. कोपरा फाडून. तू बाळंतरोगानं गेलीस म्हणून लिवलं. म्हनलं, कशाला यील मंग?"

 बाहेर आळीत कल्हईवाला ओरडत गेला. इतकी वर्षं ही बहीणभावंडं एका ताटात जेवली, एका शेतात राबली. तिनं नवऱ्याचं जिवंत असणं लपवलं, त्यानं तिचं मरण लपवलं, आणि दोघंही एकमेकांना न सांगता एकमेकांना सांभाळत राहिली. फक्त पाटलांना राहवलं नव्हतं. आबा म्हणाले, "पाटील बोलला, तोंड बंद ठिवतो, पर वही खोटी ठिवणार न्हाई." म्हणून ती तांबडी रेघ.

मी आबांचे पाय धरले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि चहा गार झाला म्हणून दुसरा करायला सांगितला. मला माझी लाज वाटत होती, पण संशय काही जात नव्हता. आता तो माझ्याकडंच वळला होता. चहा उकळता उकळता मी आत्याला विचारलं, तू माझ्यासाठी राहिलीस का? मी पोरका होतो म्हणून?

"न्हाई रे," ती म्हणाली. "माझ्यासाठी राह्यले. तू हुतास, ते बरं झालं."

तेव्हा कुठं तिनं मला नोंद का हवी ते खरं सांगितलं. तिथीचं नुसतं निमित्त होतं. आतोबा जिवंत असतील तर ती सवाष्ण. सवाष्णीला हिरवं लुगडं नेसवून, मळवट भरून, ओटी भरून न्यायची रीत. ती मेली की बाया तिला विधवा म्हणून नेणार, आणि नवरा जिता असेल तर देवाच्या दारात ते खोटं ठरणार. मी म्हणालो, मग खरं सांगून टाकू, हिरवं लुगडं नेसवू. तर ती अशी दचकली की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली.

"त्याच्या नावाचं कुंकू लावून मला जाळू नगा," ती म्हणाली. "तो मेला असंल तेवढंच मला सांगा. मंग मी खरीच रांडाव हाय. तशीच जाईन."

आता मी शोधायला लागलो तो खरा.

पिंपरी कॅम्पात मी दुकान-दुकान हिंडलो. कापडवाले, पापडवाले, सायकलीचं दुकान टाकलेला एक म्हातारा. कराचीच्या बंदरावर काम करणारा मराठी माणूस, असं म्हणताच लोक गप्प व्हायचे. तेव्हा निर्वासितांच्या मागे राहिलेल्या घरादारांच्या भरपाईचे क्लेम चालू होते, आणि वहीपेन घेऊन आलेला मी त्यांना सरकारी माणूस वाटायचो. एकानं तर मला सरळ विचारलं, कुणी पाठवलं? दुसऱ्यांना तोच प्रश्न विचारत माझी उभी नोकरी चालली होती, त्यामुळं मला रागावता येईना. शेवटी सायकलवाल्या म्हाताऱ्याला माझी दया आली. त्याचं दुकान कराचीत बंदराच्याच रस्त्यावर होतं. मराठी हमाल, मुकादम त्याच्याकडं सायकली भाड्यानं घ्यायचे. पण नाव त्याला आठवत नव्हतं.

"बेटा," तो म्हणाला, "हम जिंदा लोगों को मुश्किल से लाए. मरे हुओं की किताब कौन उठाता?"

मी कराचीच्या नगरपालिकेला पत्र लिहिलं, एकदा मराठीत आणि एकदा साहेबाकडून इंग्रजीत लिहून घेऊन. उत्तर आलं नाही. चिंचवडच्या वाचनालयात बसून वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळल्या. दुःखद निधनाच्या बातम्या वाचता वाचता मला त्यांची रीत पाठ झाली. वकील, इनामदार, सेवानिवृत्त मामलेदार, "मागे मोठा परिवार आहे". बंदरावर ओझी वाहणारा माणूस त्या रकान्यात मरत नाही, हे कळायला मला तीन रविवार लागले. ग्रंथपाल तोवर माझ्याकडं असा बघायला लागला होता, की मी पानं फाडून नेतोय.

आत्या खंगत चालली होती. मी घरी आलो की ती तोंडानं काही विचारत नसे, नुसतं बघायची. मी मान हलवली की डोळे मिटायची. आबा आता गावी परतलेच नव्हते, तिथंच दारात घोंगडं टाकून बसलेले असायचे. बाया येऊन पाय दाबून जात. एका संध्याकाळी आत्या आबांना म्हणाली, "दादा, मला मरायची भीती वाटती." आबा म्हणाले, मरणाला कशाला भ्यायचं? ती म्हणाली, "मरणाला न्हाई."

दुसऱ्या दिवशी मी पोस्टातून एक कार्ड घेतलं.

खोटे अर्ज पकडण्यात माझी हयात चालली होती. त्यामुळं खोटं कुठं उघडं पडतं ते मला चांगलं ठाऊक होतं. अक्षर बदलायचं म्हणून मी डाव्या हातानं लिहिलं. शाई बाजारातून वेगळी आणली. लिहिणारा कराचीत आतोबांच्या खोलीत राहणारा गडी केला, आता कल्याणच्या कॅम्पात राहणारा. पत्ता इतक्या वर्षांनी एका गाववाल्याकडून मिळाला, असं लिहिलं. शिक्का कल्याणचा पाहिजे म्हणून कारखान्यातल्या एका ड्रायव्हरला कार्ड देऊन तिकडं पेटीत टाकायला सांगितलं. ज्याची आजी दोनदा मेली म्हणून मी गाव गाठलं होतं, हा त्याचा भाऊ. त्यानं कार्डाचा फाटका कोपरा बघितला, माझ्याकडं बघितलं आणि काही न विचारता खिशात घातलं.

राहता राहिली तिथी. ती ठरवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. गेल्या वर्षीची टाकली असती तरी आत्या विधवा म्हणून गेली असती. पण मग मधली एकवीस वर्षं तिची खोटी पडली असती, आणि ती हिशोबाची पक्की होती. मी बावीस वर्षांपूर्वीचं पंचांग मिळवलं आणि आश्विन शुद्ध पंचमी लिहिली. दसऱ्याच्या पाच दिवस आधी. दुसरं कार्ड चुलीत घातल्यावर जेमतेम महिन्याभरानं.

कार्ड चौथ्या दिवशी आलं. आबांनी पोस्टमनच्या हातातून घेतलं, कोपरा बघितला आणि उंबऱ्याबाहेरच थांबले. आत्या म्हणाली, मला उठवा, मी वाचते. आम्ही दोघांनी तिला धरून दारापाशी आणलं. तिनं एक पाय उंबऱ्याबाहेर ठेवला आणि एकेक अक्षरावर बोट ठेवत वाचलं. बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजलं.

"म्हंजी त्या दिवाळीच्या आदीच," ती म्हणाली.

"हो," मी म्हणालो.

तिनं कार्ड उलटं करून शिक्का बघितला. परत सुलटं करून अक्षर बघितलं. मग माझ्या डाव्या हाताकडं बघितलं. लिहिताना बोटाला लागलेली शाई घासून घासूनही पुरती निघाली नव्हती. मी हात मागं घेतला. आबा रस्त्याकडं बघत होते.

"ह्याच्या मागनं दुसरं कार्ड न्हाई ना यायचं?" आत्यानं विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

तिनं कार्डाचे चार तुकडे केले, पायरीखाली टाकले आणि अंघोळीला पाणी मागितलं.

पुढं अकरा दिवसांनी ती गेली. आळीतल्या बायांनी साधं लुगडं नेसवलं, कपाळ मोकळंच ठेवलं. कुणी काही विचारलं नाही, विचारण्यासारखं कुणाला काही वाटलंच नाही. दहाव्याला नदीवर पिंड ठेवला आणि आम्ही मागं सरलो, तोच कावळा शिवला. आबा म्हणाले, "बघ, काय राह्यलं न्हाई तिचं." त्यांचे डोळे भरले होते. मी मात्र तो कावळा भुकेला असेल, असं स्वतःला सांगत होतो, आणि हुंदका काही आवरत नव्हता.

नंतर मी कचेरीत तिच्या मृत्यूची नोंद द्यायला गेलो. कारकून माझ्याच वयाचा होता. नाव, वय, आजार सगळं लिहून घेतलं. मग नवऱ्याचं नाव विचारलं. मी सांगितलं. त्यानं टाक दौतीत बुडवला आणि मान वर न करता म्हणाला, "मागं कैलासवासी लावायचं ना?"

मी म्हणालो, लावा.

त्यानं लावलं, शाई टिपली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. कसलाही कागद मागितला नाही. त्याच्या जागी मी असतो तर मागितला असता.